खाडीवर पक्षी बघायला जाताय? नांदूरमधमेश्वरच्या सवयी नाशिकातच ठेवा

नाशिकमध्ये पक्ष्यांचं वेड लागतं ते बहुतेकांना नांदूरमधमेश्वरलाच. हिवाळ्यात पहाटे निफाडच्या थंडीत कुडकुडत चापडगावचा मनोरा गाठायचा, चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं बघायची आणि ऊन तापायच्या आत परत फिरायचं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी बंधाऱ्याने अडवलेलं. काल जिथे होतं तिथेच ते आजही असतं, आणि पक्षीही साधारण तिथेच. दोनेक हिवाळे असे गेले की फोटो जमायला लागतात, मोठी लेन्स घेतली जाते आणि मग ठाण्याच्या, उरणच्या खाडीचे बेत शिजतात.

बेत चांगलाच आहे. पण खाडी आणि तिच्या काठचं खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी तिवरांची दलदल, धरणाच्या पाण्यासारखं वागत नाही. आपल्याकडचे गट वर्षानुवर्षं तिथे जाऊन त्याच चुका करतात आणि "काहीच नव्हतं हो" म्हणत परत येतात. पक्षी तिथेच होते. गेलेल्यांनी पाण्याची वेळ बघितली नव्हती.

सूर्योदय बघून निघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून तर लोक आणखी लवकर पोहोचतात. पण लवकर पोहोचून उपयोग काय, समोर पाणीच नसेल तर?

खाडीत पाणी साधारण सहा तास चढतं, सहा तास उतरतं, आणि ही वेळ रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि चिखल्या, तुतारी, पाणटिवळे, शेकाटे खाद्य शोधत त्यावर पांगतात. काठावरून ते नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि तेच पक्षी चरत चरत आपोआप काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास म्हणजे खाडीवरची खरी पर्वणी. पक्षी पाण्याच्या कडेने पुढे येत राहतात, तुम्ही फक्त बसून राहायचं.

मुंबईच्या भरतीच्या वेळा फोनवर मिळतात. पण मी आधी पंचांग उघडतो. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो भरतीचा तास. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास. थोडाफार फरक पडतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, पण बेत ठरवायला एवढं पुरेसं आहे.

आता यातून काय निघतं ते बघा. एकादशी-द्वादशीच्या आसपास सकाळी आठ-नऊला भरती, म्हणजे उजाडतं तेव्हा पाणी चढत असतं आणि ऊनही कोवळं असतं. सकाळच्या फोटोंसाठी याहून चांगले दिवस नाहीत. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाच्या पुढे येते, उजेड छान मिळतो, पण तेव्हा भांगाची भरती असते. पाणी फार वर चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं खरं, पण ते भर दुपारी. पहाटे बरोबर उलटं, पाणी सगळ्यात खाली गेलेलं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातली फ्लेमिंगो बघायची बोटसुद्धा भरतीची वेळ पाहूनच सुटते. रविवार सोयीचा म्हणून निघणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

ठिपक्यांच्या मागे चिखलात उतरणं

ही चूक पहिलीच्याच पोटातली, आणि ही जीवावर बेतू शकते.

हिवाळ्यातली पौर्णिमा. उरणच्या बाजूला एका खाडीकाठी मी बंधाऱ्यावर बसलो होतो, दुपारच्या भरतीची वाट बघत. उजाडताना एक गाडी आली, आपल्याकडचीच, एमएच पंधरा. चार तरुण मुलं, नवा कॅमेरा, नवी लेन्स. समोर नुसता चिखल आणि लांबवर ठिपके. पाच-दहा मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग त्यातला एक बूट काढून सरळ आत चालू लागला. मी ओरडून थांबवलं, तर "काका, लगेच येतो" म्हणाला.

सुरुवातीला तिवरांच्या मुळांचा आधार होता म्हणून पाय टिकला. पुढे गेल्यावर पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुतला. वर ओढलेला एक पाय दुसऱ्याला आणखी खाली दाबत होता. कॅमेरा डोक्यावर धरलेला, त्यामुळे हातही अडकलेले. तोवर पाणी फिरलं होतं. आणि भरतीचं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते आधी चिखलातल्या लहान लहान ओहोळांतून शिरतं आणि तुमच्या पाठीमागची वाट भरून टाकतं. काठावरचे तिघे मोबाइलवर कुणाला फोन करावा याची चर्चा करत होते. जाळं काढायला आलेल्या एका कोळीदादांनी होडी वळवली, त्याच्या काखेतून दोर घातला आणि त्याला आडवा करून ओढून घेतला. कॅमेरा वाचला नाही. तळपाय कालवांच्या शिंपल्यांनी फाटले होते.

खाजणात माझा नियम एकच: कोळी किंवा आगरी माणूस जिथे पाय ठेवतो तिथेच मी ठेवतो, आणि तोही त्याला विचारून. बंधारा, मिठागराची वाट, जेट्टी, एवढ्यावरून दिवसभर पुरेल इतकं दिसतं. पाय रुतलाच तर वर ओढू नका. मागे रेलून बसा, अंगाचं वजन पसरू द्या, पाय हळूहळू हलवत त्याच्याभोवती पाणी शिरू द्या आणि मग काढा. कॅमेरा सोडावा लागला तर सोडा.

उडता थवा हवा म्हणून थवा उडवणं

याचा मला मनापासून राग येतो. कुणी टाळ्या वाजवतं, कुणी दगड भिरकावतं, हल्ली ड्रोन नेतात. एक जण उडवतो आणि बाकीचे फोटो काढतात. नांदूरमधमेश्वरला बदकांच्या बाबतीत हेच बघितलंय.

पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी मिठागरांच्या बांधावर, उंचवट्यावर दाटीवाटीने विसाव्याला येतात. एका पायावर उभे, चोच पिसांत खुपसलेली. ओहोटी लागून चिखल उघडा पडेपर्यंत त्यांना खायला मिळणार नसतं, म्हणून ते अंगातली ताकद राखत असतात. मार्च-एप्रिलमध्ये तर उत्तरेकडच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवणं चालू असतं. तुम्ही टाळी वाजवून थवा उडवता तेव्हा ती साठवण खर्च होते. तुम्ही गेल्यावर दुसरा गट येतो आणि तोही तेच करतो. दिवसातून किती वेळा त्यांनी उडायचं?

कायद्याचंही सांगून ठेवतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, नांदूरमधमेश्वरचं १९८६ साली, आणि आज दोन्ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. अभयारण्यात प्राण्या-पक्ष्यांना त्रास देणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगीशिवाय ड्रोनही चालत नाही.

थवे आपसूक उडतात. घार किंवा दलदली भोवत्यासारखा शिकारी पक्षी वरून गेला की उडतात, पाणी पायाला लागलं की पुढच्या बांधावर जायला उडतात. शटरचा वेग दोन हजाराच्या वर (सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून जलद) ठेवून तयारीत बसलं की हे फोटो मिळतातच. पक्षी चरायचे थांबले, सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या, की समजायचं आपण फार जवळ गेलोय. तिथेच खाली बसा. माना पुन्हा खाली जाईपर्यंत हलू नका, आणि गेल्या नाहीत तर मागे सरका. ज्यांना एवढी वाट बघायची नसते त्यांनी पक्ष्यांचे फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या

काळ्या चिखलावरचा पांढरा बगळा. कॅमेरा तो चिखल उजळवायला बघतो आणि बगळ्याची पिसं करपून नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, पिसं दिसतात का ते बघा, मग पुढचा फोटो.

दहाच्या पुढे चिखलावरची हवा थरथरते. तेव्हा लांबचे फोटो कुठल्याही लेन्सने स्वच्छ येत नाहीत. लेन्स बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी सकाळचा एक फोटो काढून ताडून बघा.

एसी गाडीतून काढलेली लेन्स खाडीच्या दमट हवेत लगेच धुकटते. पोहोचायच्या आधी अर्धा तास एसी बंद करा. खिडक्या उघडा.

उभं राहून खाली बघत काढलेले फोटो. बांधाच्या उतारावर पालथे पडा, तांदूळ भरलेली कापडी पिशवी लेन्सखाली घ्या.

फक्त पक्षीच बघणं. पायाशी निवट्या मासे चिखलावर उड्या मारत असतात, फिडलर खेकडे आपली एकच मोठी नांगी हलवत असतात, तिवरांच्या कडेला पहाटे कोल्हा दिसू शकतो. मोरस आणि मारांडी ही खाजणातली झुडपं ओळखायला शिका, म्हणजे पाणी कुठवर येतं ते झाडावरून कळतं.

जमिनीवरची घरटी. टिटवी आणि शेकाटे उघड्यावरच अंडी घालतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला तर फोटो न काढता आल्या पावली मागे फिरा, आणि ती जागा ग्रुपवर टाकू नका.

खारं पाणी उडालेली लेन्स कोरड्या कापडाने पुसणं. मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय त्याच दिवशी, घरी पोहोचल्याबरोबर नळाखाली धरा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की सांधे धरतात.

आणि पायात अभ्यासकांनी घातलेली कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर तो फोटो वाया घालवू नका. कुठला पाय, वरून खाली रंगांचा क्रम, पट्टीवरची अक्षरं, जागा आणि तारीख लगेच लिहून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.