हलक्या जेवणाचे शिरवाळे: ग्लूटेन नाही, तेल माणशी जेमतेम चमचाभर

नूडल्स खायच्या आहेत, पण गहू-मैदा चालत नाही आणि वजनावरही लक्ष आहे, अशांनी महागडी परदेशी पाकिटं शोधण्याआधी घरातला शिरवाळ्यांचा साचा माळ्यावरून काढावा. सिंधुदुर्गात शिरवाळे म्हणजे तांदळाच्या नूडल्सच. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात म्हणून ते ‘जड’ ठरले. खरं तर जडपणा रसाचा. एका माणसाला 50 ग्रॅम पिठी पुरते, म्हणजे साधारण 180 कॅलरी. त्यावर वाटीभर दाट रस आणि गूळ आला की ताट सहज 500 च्या पुढे जातं. तेव्हा शिरवाळे तेच ठेवायचे, सोबत बदलायची.

चार माणसांसाठी 200 ग्रॅम तांदळाची पिठी, 300 मिली पाणी, पाऊण चमचा मीठ, एक चमचा तेल. वाटीने मोजायचं तर जेवढी पिठी तेवढंच पाणी. तांदूळ जुना सुरय (उकडा नसलेला, साधा) घ्यावा. नव्या तांदळाची उकड चिकट होते आणि शिरवाळ्यांचा गोळा बसतो. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मोदकाच्या पिठीइतकं बारीक दळून घ्या. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ तुमच्या पिठीत उतरतंच. घरात सिलिअ‍ॅकचा (ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्या आजाराचा) रुग्ण असेल तर मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळा. गिरणीवाल्याने ‘साफ केलंय’ म्हटलं तरी त्यावर विसंबू नका.

पाण्याला मीठ-तेलासह खळखळून उकळी आली की आच मंद करून पिठी एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्या. गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकण उघडू नका. मग परातीत काढून, हात पाण्यात बुडवत, गरम असतानाच मळा. ही मळणी टाळता येत नाही. गव्हाच्या पिठाला ग्लूटेन धरून ठेवतं. इथे ते काम उकळत्या पाण्याने फुगलेला तांदळाचा स्टार्च करतो, आणि तो नीट फुगला नाही तर पुढे काहीही केलं तरी शिरवाळे तुटतात. पाच-सात मिनिटांत उकड गुळगुळीत व्हायला हवी. बोटाने दाबून पाहा: कडेला भेगा पडल्या तर चमचाभर गरम पाणी लावून परत मळा. बोटाला चिकटून आली तर पाणी जास्त झालंय, थोडी कोरडी पिठी मळून घ्या.

लिंबाएवढे गोळे करून मधे अंगठ्याने खळगा पाडा. खळग्यामुळे आतपर्यंत उष्णता पोचते, नाहीतर पोटात पांढरा कच्चा भाग राहतो. मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडा, पण गर्दी करू नका. गोळे वर तरंगले की आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. एक तोडून पाहा, आत-बाहेर सारखा तकतकीत दिसला की झाला.

साच्याला आतून तेलाचा हात लावा आणि एक-एक गोळा पाण्यातून काढून गरमच दाबा. चकलीच्या पितळी सोऱ्यालाही शेवेची मध्यम जाळी लावून चालते. गोळा गार झाला की स्टार्च घट्ट होतो आणि दाबताना हाताची सालं निघतात. म्हणूनच पूर्वापार हे दोघांचं काम आहे. गोळे एकदम सगळे काढून ठेवू नका. शिरवाळे केळीच्या पानावर पसरून पडू द्या आणि दहा मिनिटं हात लावू नका. वाफ गेली की ते आपोआप सुटे होतात.

आता सोबत. 300 ग्रॅम सोललेली कोलंबी हळद-मीठ लावून ठेवा. 300 ग्रॅम तवसं (मोठी काकडी) किंवा कोवळा दुधी बिया काढून, साल काढून लांब पातळ पट्ट्यांत किसा. मीठ लावून पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा, नाहीतर ताटात पाणी सुटतं. या पट्ट्या शिरवाळ्यांत मिसळल्या की ताट भरतं, कॅलरी जेमतेम वाढतात. लोखंडी कढईत चार चमचे तेल कडक तापवा. सहा लसणीच्या पाकळ्या, आलं, दोन हिरव्या मिरच्या आणि ठेचलेली पाच-सहा तिरफळं घाला. तिरफळाचं टरफलच घ्यायचं, आतली काळी बी कडवट लागते. कोलंबी घालून फक्त दोन-तीन मिनिटं परता, वळून गुलाबी झाली की पुरे. जास्त शिजली की रबर. मग 200 ग्रॅम उभा चिरलेला कोबी आणि गाजर मोठ्या आचेवर, शेवटी पट्ट्या आणि शिरवाळे. उलथन्याने ढवळू नका, दोन चमच्यांनी वर-खाली करा. दोन चमचे कोकमाचं आगळ, भरपूर कोथिंबीर. आगळात मीठ असतं, चाखूनच वरून घाला. माणशी सुमारे 340 कॅलरी पडतात.

चवीसाठी सोया सॉस ओतायचा मोह होतो, पण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे लेबल वाचा.

शाकाहारी ताटात कोलंबीऐवजी मोड आलेले, उकडलेले कुळीथ. नाचणी आवडत असेल तर पिठीचा चौथा हिस्सा नाचणीचा घ्या. त्याहून जास्त घातली की शिरवाळे तुटतात.

उरलेले फ्रीजमध्ये कडक होतात. परतू नका, पाण्याचा हबका मारून मोदकपात्रात चार मिनिटं वाफवा, पुन्हा मऊ होतात.