बॅशआरसी एकच, मशिनी दोन

शिरोली एमआयडीसीत ऑफिसचा उबंटू आणि राजारामपुरीत घरचा मॅक, अशी कसरत असेल आणि दोन्हीकडे टर्मिनल सारखंच हवं असेल, तर होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फायली (बॅश या शेलची, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची बॅशआरसी, व्हिम एडिटरची व्हिमआरसी, गिटची गिटकॉन्फिग) एका फोल्डरात हलवा. मूळ जागी सिम्बॉलिक लिंक (खऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी) ठेवा. ग्नू स्टो नावाचं टूल सगळ्या लिंका एका कमांडमध्ये लावून देतं. मग तेवढाच फोल्डर गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) टाका. अख्खं होम टाकायच्या भानगडीत पडू नका, एसएसएचची (सर्व्हरवर लॉगिन करायची) खासगी चावी कधी वर जाईल कळायचंही नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून बॅशऐवजी झेडशेल डिफॉल्ट आहे आणि ते बॅशआरसी वाचतच नाही. म्हणून एलियस (कमांडची आपण ठेवलेली छोटी नावं) वेगळ्या फाईलमध्ये लिहा आणि बॅशआरसी, झेडशआरसी (झेडशेलची तशीच फाईल) या दोन्हींतून ती सोर्स करा, म्हणजे वाचून घ्या. टोकन, ऑफिसचा प्रॉक्सी असलं काही 'लोकल' नावाच्या फाईलमध्ये ठेवा. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींची यादी) घाला आणि असेल तरच सोर्स करायची अट लिहा, नाहीतर नव्या मशिनवर टर्मिनल उघडताक्षणी एरर येते.

प्रॉम्प्टची (कमांड टाइप करायच्या आधी दिसणाऱ्या मजकुराची) रंगरंगोटी नाद खुळा दिसते, मान्य! पण गिटची स्थिती दाखवणारा प्रॉम्प्ट मोठ्या रिपॉझिटरीत (गिटमधल्या प्रोजेक्टात) दर एंटरला अडखळतो. त्यापेक्षा हिस्ट्साइझ आणि हिस्ट्फाइलसाइझ (जुन्या किती कमांड मेमरीत आणि फाईलमध्ये लक्षात ठेवायच्या ते आकडे) वाढवा. उबंटूच्या तयार बॅशआरसीत ते १००० आणि २००० एवढेच असतात.

बदल केल्यावर चालू टर्मिनल लगेच बंद करू नका, विशेषतः सर्व्हरवर. आधी दुसरं उघडून बघा. ते अडकलं तर पहिल्यातून दुरुस्त करता येतं.