बर्स्टच्या भरवशावर मैदानात उतरणाऱ्यांसाठी

खेळांचे फोटो काढायचेत, सुरुवात कशी करू, असं विचारणारे बहुतेक जण पुढच्याच वाक्यात कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतात आणि वर ‘सेकंदाला वीस फ्रेम काढतो’ हेही जोडतात. बटण दाबून ठेवलं की असे लागोपाठ फोटो पडत राहतात, त्याला बर्स्ट म्हणतात. शटर स्पीड, आयएसओ, अ‍ॅपर्चर तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका, जड लेन्सला मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावा, फोकस कंटिन्युअसवर (हलत्या खेळाडूबरोबर बदलत राहणारा) ठेवा, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. माझ्या नाकी नऊ आणले ते या वीस फ्रेमवरच्या विश्वासाने. म्हणून त्यावर लांबण लावणार आहे. बाकीचं ओघात येईल.

जरा आकडेमोड करू. शटर १/१००० वर आहे आणि कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम काढतोय. म्हणजे त्या सेकंदात सेन्सरवर उजेड पडला तो वीसदा, दर वेळी एक मिलिसेकंद. एकूण २० मिलिसेकंद. उरलेल्या ९८० मिलिसेकंदांत मैदानावर जे घडलं, ते तुमच्याकडे नाही. दोन टक्के हाती लागले, अठ्ठ्याण्णव गेले. शटर १/२००० केलंत की हाती उरतो एकच टक्का. आता ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू घ्या. सेकंदाला तो साधारण ३९ मीटर जातो. दोन फ्रेममधल्या ५० मिलिसेकंदांत जवळजवळ दोन मीटर. एका फ्रेममध्ये चेंडू बॅटच्या मीटरभर अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये फटका लागून कधीच निघून गेलेला, असं होतं ते यामुळे. बॅटला चेंडू टेकलेला असतो जेमतेम मिलिसेकंदभर. तेवढ्यात तुमची फ्रेम पडली तर ते नशीब, त्यात तुमची कामगिरी काही नाही.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, मग आणखी वेगवान कॅमेरा घेऊ. २०२३ साली जाहीर झालेला सोनीचा अल्फा ९-३ सेकंदाला १२० फ्रेम काढतो. अफाट यंत्र आहे, शंका नाही. पण त्याच्याही दोन फ्रेमच्या मधे तोच चेंडू ३० सेंटिमीटरहून जास्त सरकतो. आणि सामन्यात साठ वेळा सेकंद-सेकंदभर बटण दाबलंत (दाबणारे आहेत) तर ७२०० फोटो. ते बघणार कोण? तुम्हीच.

बर्स्ट वाईट नाही. तो वाईट असता तर मी लवकर सावध झाले असते. अधूनमधून तो इतका सुंदर फोटो देऊन जातो की आपल्याला फोटो काढता येतो अशी आपली खात्री पटते. खरी भानगड अशी की बटण दाबून ठेवलं की डोकं काम करायचं थांबतं. आपण खेळ बघत नाही, कॅमेरा बघतोय असं गृहीत धरतो. मी कितीतरी काळ तशीच काम करत होते.

एक प्रसंग सांगते. फुटबॉलचा सामना, कॉर्नर किक. किक मारायला खेळाडू मागे सरकला तेव्हाच मी बोट दाबलं. गोलसमोर गर्दी उसळली, डोकी वर आली, बचावपटूने चेंडू अर्धवट बाहेर ढकलला, आणि बॉक्सच्या कडेला उभ्या असलेल्या एकाने तो तसाच, जमिनीला टेकू न देता मारला. तोपर्यंत माझ्या कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाण्याआधी साठतात ती जागा, भरला होता. शटरचा धडाका थांबून एक ‘खट्’, मग मोठी गॅप, मग आणखी एक ‘खट्’. गोल झाला. मारणारा हात पसरून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत थेट माझ्याच दिशेने धावत आला. असं भाग्य फार कमी वेळा वाट्याला येतं. आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातला लाल दिवा शांतपणे आधीच्या गर्दीचे फोटो कार्डावर लिहीत बसला होता. पुढे माझ्याकडे सापडली ती त्याची पाठ.

त्या काळात ज्यांच्याकडे शिकत होते त्या सरांनी लॅपटॉपवर ती रांग बघितली आणि एवढंच विचारलं, “अगं, एवढं सगळं काढलंस, मग खेळ कधी बघितलास?”

मग त्यांनी शिक्षा दिली, म्हणजे मला तेव्हा शिक्षा वाटली. बर्स्ट बंद. एका वेळी एक फ्रेम. शाळा-क्लबांचे सामने, धावण्याच्या स्पर्धा, जे मिळेल ते असंच काढायचं. सुरुवातीला जे आलं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. दर फोटो उशिरा. माणसाला डोळ्यांनी दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे फटका दिसल्यावर दाबलं तर फटका संपलेला असतो. दिसायच्या आधीच दाबायला हवं, आणि त्यासाठी काय होणार आहे ते आधी कळायला हवं.

हे मला उंच उडीने शिकवलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं सांगेन, कारण खेळाडू तेच पुन्हा पुन्हा करतो. आधी दोन-तीन उड्या कॅमेरा खाली ठेवून नुसत्या बघा. धाव सरळ सुरू होते आणि शेवटच्या पावलांत वळण घेते. वळणावर शरीर आत झुकतं, उपांत्य पाऊल जरा लांब आणि खाली बसल्यासारखं पडतं, शेवटचं तोकडं. ते लांब पाऊल म्हणजे तुमची सूचना. बोट तिथे अर्धं दाबलेलं हवं. उडी सर्वांत वर पोचते तेव्हा वर जाण्याचा वेग शून्य झालेला असतो, शरीर क्षणभर अधांतरी थांबल्यासारखं दिसतं. केस मात्र अजून वर जात असतात. कंबर आडव्या दांड्यावर, मान मागे, डोळे दांड्याकडे वळलेले. ती एक फ्रेम मिळाली की लय कळते. प्रत्येक खेळात असं एखादं लांब पाऊल असतं. फलंदाजाचा मागचा पाय हलतो, गोलरक्षक गुडघे वाकवतो, टेनिसपटूचा चेंडू वर फेकणारा हात सरळ होतो. ते शोधायचं.

फार घाबरू नका, हे येतं. सगळ्यांना येतं. पण वाट बघावी लागते, आणि ती बघवत नाही म्हणून लोक नवा कॅमेरा घेतात.

जुन्या लोकांना बर्स्टची अशी चैन नव्हती. २५ मे १९६५ ला अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये मुष्टियुद्धात मोहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं आणि त्याच्यावर उभं राहून ओरडला. तो रंगीत फोटो तुम्ही पाहिलाच असेल. नील लायफरने तो काढला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. रिंगवर टांगलेले मोठे फ्लॅश एकदा उडाले की पुन्हा तयार व्हायला वेळ घ्यायचे, म्हणजे लागोपाठ फ्रेम काढायची सोयच नव्हती. फोटोत अलीच्या पायांमधून समोरच्या बाजूला बसलेला एक छायाचित्रकार दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरसारखाच स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकासाठी काम करणारा, लायफरहून कितीतरी अनुभवी. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. जागा नशिबाने मिळते, हे खरंच आहे. पण ती मिळाल्यावर हातात एकच फ्रेम असताना ती नेमकी केव्हा खर्च करायची, ते नशिबावर सोडता येत नाही.

गुरूंबद्दल माझं मत जरा कडवट आहे. सेटिंग्ज सांगणारे, प्रीसेट (फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंग्ज) विकणारे आणि ‘माझ्यासोबत एक दिवस’ वाले खूप भेटतील. सेटिंग्ज मॅन्युअलमध्ये असतात. तुमच्या शेजारी बसून, गोल व्हायच्या आधी “आता डावीकडे बघ” म्हणणारा माणूस शोधा. सामना चालू असताना त्यांना विचारा, पुढे काय होईल? उत्तर लेन्सबद्दल आलं तर चहा पिऊन निघा. आणि असा माणूस मिळालाच नाही तरी अडत नाही. ज्या खेळाचे फोटो काढायचेत त्याच्या प्रशिक्षकाशेजारी थोडा वेळ उभं राहा. तो काय ओरडतोय ते ऐका, कॅमेऱ्यातलं त्याला काही कळत नसलं तरी.

मी आज बर्स्ट वापरते का? वापरते. तीन-चार फ्रेमच्या छोट्या टप्प्यांत, आणि पहिली फ्रेम माझी असते, कॅमेऱ्याची नाही. अडथळ्यांची शर्यत, शंभर मीटरची शेवटची रेषा, कुस्तीतली उचल, जिंकल्यावरचा गोंधळ, इथे तो लागतोच. चेहऱ्यावरचे भाव किती पटकन बदलतात ते कुणालाच आधी सांगता येत नाही. तिथे दाबा बिनधास्त.

छताखालच्या सामन्यांत मात्र बर्स्ट वेगळाच दगा देतो. पुष्कळशा दिव्यांचा उजेड विजेच्या तालावर कमी-जास्त होतो, ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा. वेगवान शटरला तो चढउतार दिसतो. एक फ्रेम चांगली, पुढची काळपट, तिसरी पिवळी. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (उजेडाच्या चढउताराशी शटर जुळवणारी सोय) असेल तर चालू करा. बर्स्टचा वेग थोडा पडेल. पडू दे.

निवडीचं कुणी बोलत नाही. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो आणि संपादकाला फोटो तेव्हाच हवा असतो. चांगली फ्रेम पडल्याची जाणीव झाली की खेळ थांबल्याबरोबर कॅमेऱ्यावरचं प्रोटेक्टचं बटण दाबा, म्हणजे नंतर फक्त खुणा केलेले फोटो उघडायचे. पण खेळ चालू असताना मागचा स्क्रीन बघत बसू नका. दोन्ही संघांची यादी जर्सी क्रमांकांसह आधी फोनमध्ये घ्या, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. उत्तम फोटोखाली चुकीचं नाव गेलं तर लक्षात राहतं ते नाव.

मैदानावरची रीत थोडक्यात. दिलेल्या जागेतून हलायचं नाही, फ्लॅश नाही, गोलंदाजाच्या पाठीमागे साइटस्क्रीनजवळ फिरायचं नाही. धावण्याच्या स्टार्टला पिस्तूल वाजेपर्यंत शटरचा आवाज नको. गोल्फमध्ये काठी चेंडूला लागेपर्यंत नको. सायलेंट शटरने हे सुटतं, पण फोटो ओळीओळीने टिपणाऱ्या साध्या सेन्सरवर त्याने बॅट आणि रॅकेट वाकडी दिसू शकते. आधी तपासा.

‘पण मला प्रवेशपत्रच कोण देणार?’ हा सगळ्यांचा रडका प्रश्न. माझाही होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली, आधीच्या विश्वविक्रमापेक्षा ५५ सेंटिमीटर पुढे. हवेत हातपाय पसरलेल्या बीमनचा समोरून घेतलेला तो गाजलेला फोटो टोनी डफीचा. तो तेव्हा हौशी होता, पेशाने हिशेबनीस, आणि बसला होता प्रेक्षकांत. पुढे त्यानेच ऑलस्पोर्ट ही क्रीडा छायाचित्रांची संस्था उभी केली. तेव्हा मोठ्या स्टेडियमची वाट बघत घरी बसू नका. छोट्या स्पर्धांना आयोजकांना आधी फोन करून परवानगी मागा, बहुतेक जण खुशीने देतात. लहान मुलांचे सामने असतील तर पालकांनाही विचारा. सामन्यानंतर दोन-चार फोटो आयोजकांना पाठवा, पुढच्या वेळी तेच बोलावतात. फुकट किती काळ काम करायचं ते मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण तुमच्या वतीने ते कुणी ठरवत नाही. आणि कार्ड आदल्या रात्री रिकामं करून ठेवा, मैदानावर घाईत फॉरमॅट करायला जाऊ नका.