जुन्या व्हॅनचा हायड्रॉलिक क्लच वाटेत बसल्यास दोष कसा शोधावा

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने निघालेली जुनी व्हॅन गायमुखच्या चढावर गिअर घेईनाशी झाली, किंवा मुंब्रा बायपासच्या रांगेत क्लचचे पेडल तळाला जाऊन तिथेच बसले, की पहिला संशय क्लच प्लेटवर येतो आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्लाही लगेच मिळतो. ज्या गाडीचा क्लच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, तिच्यात पेडल अचानक निकामी झाले असेल, तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि अर्ध्या तासाच्या शांत पाहणीत तो सापडू शकतो. मारुती ओम्नीचा क्लच केबलवर चालतो, त्यामुळे तिला पुढील विवेचन लागू होत नाही.

गाडी डाव्या कडेला, शक्यतो सपाट जागी घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

आता इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू असताना अडतात किंवा घासतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही. बंद इंजिनावरही गिअर पडत नसेल, तर गिअर लिव्हरचे सांधे किंवा गिअरबॉक्स तपासावा. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, अशा वेळी मात्र क्लच प्लेटवरचा संशय रास्त असतो.

क्लच सुटत नाही हे ठरले, की ऑइलची टाकी पाहावी. पेडलचा दांडा मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ढकलतो, तो दाब पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो, आणि स्लेव्हचा दांडा फोर्क (दुशाखी तरफ) हलवून रिलीज बेअरिंगमार्फत क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट सोडवतो. या वाटेवर कुठेही ऑइल गळाले किंवा हवा शिरली, की पेडलचा जोर वाया जातो. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या पातळीवर जोडलेली असते, म्हणजे क्लचकडून ऑइल गेले तरी ब्रेकसाठी काही शिल्लक राहते. पण अशा टाकीतील पातळी उतरली असेल, तर गळती ब्रेकचीही असू शकते. म्हणून इंजिन चालू करून ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि ते हळूहळू खाली जात असेल, तर गाडी जागची हलवू नये. ती टो करूनच न्यावी.

पातळी उतरलेली असेल, तर ओल शोधावी. मास्टर गळत असल्यास पेडलच्या वरच्या बाजूला, केबिनच्या आतील पत्र्यावर ओघळ दिसतो आणि पायाखालची मॅटही ओली लागते. स्लेव्हची गळती सहज दिसत नाही, कारण स्लेव्हच्या टोकावरच्या रबरी टोपणात ऑइल साठून राहते. आमच्या जुन्या व्हॅनचा क्लच महापे-शिळफाटा रस्त्यावर बसला, तेव्हा एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचे ठरवलेच होते. ते टोपण मागे सरकवताच आतून काळे ऑइल ओघळले आणि दोष स्लेव्हच्या वॉशरचा (ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलचा) निघाला. तेव्हापासून मी हे टोपण पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

टाकी भरलेली असूनही पेडल बसत असेल, तर पेडलच खूण सांगते. पाच-सहा वेळा दाबल्यावर ते कडक होऊन गिअर पडू लागले, तर पाइपात हवा आहे. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरल्यावर गिअरमध्ये उभी असलेली गाडी हळूहळू पुढे सरकू लागली आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टरचे आतील वॉशर ऑइल मागे सोडत आहे. यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये व इंजिन बंद ठेवून सोबत्याला पेडल दाबायला सांगावे आणि स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पाहावे. तो साधारण एक ते दीड सेंटीमीटर सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तरच फोर्क, प्रेशर प्लेट किंवा क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवणे योग्य ठरते. दांडा जेमतेम हलत असेल, तर पेडल दाबताना जुना रबरी होज फुगतो का, हेही हाताने चाचपावे.

हवा काढण्यासाठी टाकी भरून स्लेव्हवरच्या ब्लीडिंग निपलला (हवा सोडण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावावी आणि तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. सोबत्याने पेडल दाबून धरावे, निपल अर्धा फेरा सैल करावा, आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल घट्ट करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहावे, मात्र टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. झाकणावर लिहिलेले डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलच वापरावे. इंजिन ऑइलने रबर फुगते, आणि टाकी सामाईक असेल तर ब्रेकही निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलने सिलिंडर आतून गंजतो आणि नवे वॉशरही लवकर कापले जाते. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

काहीच जमले नाही आणि ब्रेक पूर्ण ठीक असतील, तर पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मारून गाडी सुरू करता येते. मग ती त्याच गिअरमध्ये, सपाट आणि मोकळ्या रस्त्याने, जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यावी आणि थांबायचे झाल्यास गिअर काढावा, तोही न निघाल्यास इंजिन बंद करावे. माजिवड्यासारख्या गर्दीच्या चौकातून किंवा चढावरून हे करू नये, तिथे टोची गाडीच बोलवावी.