दुसऱ्या मॉडेलचे मागचे चाक बसवण्यापूर्वीची तयारी

दुसऱ्या मॉडेलच्या मोटारसायकलचे मागचे चाक आपल्या गाडीला बसवायचे असेल, तर कामाचा मोठा भाग पाना हातात घेण्याआधी, व्हर्निअर आणि कागद-पेन्सिल घेऊनच उरकावा लागतो. एक्सल, म्हणजे चाकाचा आस, आरपार गेला आणि चाक मोकळे फिरले म्हणजे ते बसले, असे समजू नये. मागच्या चाकात तीन रेषा एकाच वेळी जुळाव्या लागतात: स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चक्राची), रिमच्या मध्याची आणि ब्रेकची. एक्सलवरचे बाजूचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) कमी-जास्त करून चाक डावी-उजवीकडे सरकवले, तर या तिन्ही रेषा एकदमच सरकतात, आणि म्हणून एक जुळवताना दुसरी बिघडते. चाक विकत घेण्यापूर्वी या तीन रेषांची मापे हाती असलीच पाहिजेत. बाकीची यादी त्यानंतर येते.

पहिली मापे जुन्या चाकाची, आणि तीही ते गाडीवर असतानाच घ्यावीत. गाडी स्टँडवर सरळ उभी करून, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) डाव्या बाजूच्या आतल्या पृष्ठभागापासून स्प्रॉकेटपर्यंतचे, रिमच्या दोन्ही कडांपर्यंतचे आणि डिस्क किंवा (ड्रम ब्रेक असेल तर) ब्रेक प्लेटपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. रिमचा मध्य स्विंगआर्मच्या मध्यावरच असतो असे गृहीत धरू नये, कारण काही गाड्यांत स्विंगआर्म मुळातच एका बाजूला अधिक बाहेर काढलेला असतो. खरी कसोटी पुढच्या चाकाची आहे: मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुती दोरा ताणून पुढच्या चाकापर्यंत नेला, की दोन्ही चाके एका ओळीत आहेत की नाहीत ते दिसते. नव्या चाकाची हीच मापे ते जमिनीवर आडवे ठेवून घेता येतात. रिमवर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि तिच्यापासून बेअरिंगच्या आतल्या रेसपर्यंत (आतल्या कड्यापर्यंत), स्प्रॉकेटपर्यंत आणि डिस्कच्या बैठकीपर्यंत खोली मोजावी. शक्य असेल तर चाकासोबत त्याच गाडीचे स्पेसर, एक्सल, स्प्रॉकेट कॅरिअर (स्प्रॉकेट ज्यावर बसते तो भाग) आणि कॅलिपरचे (डिस्क दाबणाऱ्या भागाचे) ब्रॅकेटही घ्यावे. त्यातले सगळे वापरात येईलच असे नाही, पण मूळ रचना कशी होती हे समजण्यासाठी त्यांच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

एक्सलच्या बाबतीत जाडी, लांबी आणि आटे या तिन्हींची नोंद हवी. जाडी जुळत नसेल तर एक्सल बदलायचा की बेअरिंग, हा निर्णय बेअरिंगवरच्या क्रमांकावरून घेता येतो. उदाहरणार्थ, ६२०४ बेअरिंगचे आतले माप २० मिमी आणि ६३०३ चे १७ मिमी असते, पण दोघांचे बाहेरचे माप ४७ मिमी आणि जाडी १४ मिमी अशी सारखीच असते. त्यामुळे २० मिमी एक्सलसाठी बनलेल्या हबमध्ये १७ मिमीचा एक्सल हबला हात न लावता बसवता येतो. ६२०२ आणि ६००३ यांचेही बाहेरचे माप ३५ मिमी असे एकच आहे, मात्र पहिल्याची जाडी ११ मिमी आणि दुसऱ्याची १० मिमी असल्यामुळे तिथे १ मिमीचा हिशेब वेगळा करावा लागतो. बेअरिंग बदलले की दोन्ही बेअरिंगच्या मधली नळीही नव्या आतल्या मापाची करून घ्यावी, आणि तिची लांबी मूळ नळीइतकीच ठेवावी. ही नळी आखूड झाली, तर एक्सलचा नट आवळताच आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग काही दिवसांतच आवाज करू लागते. उलट, एक्सल हबच्या मानाने जाड असेल, तर तो घासून बारीक करण्याचा विचार मनातही आणू नये.

बाहेरचे स्पेसर लेथवर नवे करून घ्यावेत. त्यांची दोन्ही तोंडे समांतर असावीत, ते एक्सलवर फार सैल होऊ नयेत आणि त्यांचा दाब फक्त आतल्या रेसवर पडावा. जिथे ऑइल सीलचा ओठ टेकतो तिथे पृष्ठभाग गुळगुळीत हवा. वॉशरची चळत लावून जागा भरण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती मला अजिबात मान्य नाही, कारण वॉशर दबतात, सरकतात आणि नटाची पकड हळूहळू सैल करतात.

आता चेन. ४२८ चेनचा पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) १२.७ मिमी असतो, तर ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींचा १५.८७५ मिमी असून त्यांच्यात फरक फक्त रुंदीचा आहे. त्यामुळे नव्या चाकाचे स्प्रॉकेट जुन्या चेनला चालेलच असे नाही. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ आणि मधल्या भोकाचे माप घेऊन आपल्या चेनचे स्प्रॉकेट त्या हबवर बसते का, हे आधीच पाहावे. पुढच्या स्प्रॉकेटच्या पृष्ठभागाला सरळ पट्टी लावून ती मागे नेली असता मागचे स्प्रॉकेट तिच्याशी समांतर आणि एकाच रेषेत यायला हवे. थोडा फरक असेल तर स्प्रॉकेटची बैठक लेथवर खरवडून किंवा अचूक जाडीची चकती घालून तो काढता येतो, पण त्यासाठी हबवर पुरेसे धातू आणि बोल्टला पुरेसे आटे शिल्लक आहेत याची खात्री हवी. कॅरिअरमधले रबर दाबून पाहावे. भेगा पडलेले किंवा ढिले रबर असेल तर ते बदलण्याची वेळ हीच.

टायरच्या निवडीत बहुतेकांचे लक्ष रुंदीकडे जाते. १०० मिमीच्या जागी १३० मिमी रुंदीचा टायर आला की प्रत्येक बाजूला १५ मिमी जागा जाते, आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की त्याच टायरची रुंदी साधारण आणखी ५ मिमीने वाढते. ही जागा चेनच्या बाजूला आहे का, हे पाहावे लागते. रिमलाही मर्यादा आहेत (टायरवरचा पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत उंची आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास सांगतो): १६०/६० टायरसाठी ४.५० इंच आणि १८०/५५ साठी ५.५० इंच रुंदीची रिम प्रमाण मानली जाते, आणि अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याचा माथ्याचा गोलवा चिमटला जाऊन वळणावरची पकड बिघडते. उंचीचा हिशेब मात्र अनेकदा राहून जातो. १००/९०-१७ टायरचा व्यास सुमारे ६१२ मिमी आणि १३०/७०-१७ चा सुमारे ६१४ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. पण १००/९०-१८ चा व्यास ६३७ मिमी होतो. एक इंचाच्या या फरकाने मागचा एक्सल जवळजवळ १३ मिमी वर उचलला जातो, पुढच्या फोर्कचा कल थोडा उभा होतो, गाडी हँडलला अधिक चपळ वाटते आणि गिअरिंग सुमारे ४ टक्क्यांनी लांबते, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तितकी जास्त पुढे जाते. मूळ ओढ परत हवी असेल तर ४२ दात्यांच्या जागी ४४ दात्यांचे स्प्रॉकेट लावावे लागते. टायरवरचा भारांक (तो पेलू शकणाऱ्या वजनाचा क्रमांक) आणि कमाल वेग दाखवणारे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असू नये.

ब्रेकवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रेक लागला की चाकाबरोबर फिरू पाहणारी ब्रेक प्लेट किंवा कॅलिपरचे ब्रॅकेट कशाने तरी स्विंगआर्मला अडकलेले असते: कुठे टॉर्क आर्म, म्हणजे अडकवून धरणारा दांडा, असतो, कुठे स्विंगआर्मवरचा गुटका आणि ब्रॅकेटमधली खाच. नव्या चाकाची पद्धत वेगळी असेल, तर ही अडकण नव्याने करावी लागते, आणि ती नुसत्या पत्र्याच्या पट्टीवर किंवा हौशी वेल्डिंगवर सोडता येत नाही, कारण ती तुटल्यास ब्रॅकेट गरकन फिरते, ब्रेकची नळी तुटते आणि चाक जाम होऊ शकते. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्यातून जायला हवी. तिचा व्यास, जाडी आणि तिच्यावर कोरलेली किमान जाडी तपासावी. ड्रमवरून डिस्कवर जायचे असेल तर कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर (पायडलने तेलावर दाब देणारा भाग) एकाच गाडीचे घेणे श्रेयस्कर, कारण दोघांच्या पिस्टनचे प्रमाण एकमेकांशी बांधलेले असते. एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरच्या कड्यावरच्या खाचांची संख्या मूळ कड्याइतकीच हवी आणि टायरचा घेरही मूळच्या जवळ हवा. नाहीतर यंत्रणेला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात नसलेला फरक दिसतो.

चाक स्वतः कसे आहे, हे तपासायला फार वेळ लागत नाही. रिमची डगमग बहुतेक मॅन्युअलमध्ये २ मिमीपर्यंत चालते. तारांचे चाक असेल तर तारा ओढून रिमचा मध्य काही मिमी सरकवता येतो. अलॉय चाकात ही सोय नसते, म्हणून त्याची मापे अधिक काटेकोरपणे घ्यावीत आणि हबजवळ बारीक चीर नाही ना, हे पाहावे. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले बदलांविषयीचे नियम आणि विमा कंपनीची अट हीसुद्धा चाकाचे पैसे देण्यापूर्वीच वाचावी.

चाक पहिल्यांदा बसवाल ते चाचणीपुरते. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून चाक हाताने पूर्ण वर उचलावे आणि टायर मडगार्डला, चेनकव्हरला किंवा वायरिंगला कुठे लागतो का ते पाहावे. चेन ॲडजस्टर सर्वांत पुढे घेऊनही हीच तपासणी करावी. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्म ज्यावर वर-खाली फिरतो तो खिळा आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते, म्हणून तिचा ढिलेपणा त्या स्थितीत बघून ठरवावा. नट आवळल्यावर त्याच्याबाहेर एक्सलचे आटे दिसले पाहिजेत, आणि मूळ नटाला स्प्लिट पिन असेल तर नवीच घालावी. जवळच्या जवळ हळू चालवून परत आल्यावर हबला, डिस्कजवळ आणि बेअरिंगच्या बाजूला अंतरावरूनच हात धरून ऊब जाणवते का ते पाहावे, चेनच्या आतल्या पट्ट्यांवर एकाच बाजूला घासल्याची चकाकी आहे का ते तपासावे, आणि एक्सलचा नट, स्प्रॉकेटचे बोल्ट व टॉर्क आर्मचा बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पडताळून मगच गाडी वेगात न्यावी.