विकिपीडियावर तुमची ओळ कोणी उडवली तर काय करायचं

पहिलं म्हणजे ती ओळ लगेच परत टाकू नका. लेखाच्या वर 'इतिहास' असतो तो उघडा, कोणी काढली आणि काढताना सारांशात, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या ओळीत, काय लिहिलं ते बघा. बहुतेक वेळा तिथे 'संदर्भ नाही' एवढंच असतं, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला खोटं ठरवलं. तसं काही नसतं हो, समोरच्याला ती गोष्ट तपासता आली नाही एवढाच त्याचा अर्थ. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे पण नियमित लिहिणारी माणसं मोजकीच, त्यामुळे जो आज तुमची ओळ काढतोय तोच उद्या तुमच्या दुसऱ्या लेखात शुद्धलेखन सुधारत बसलेला असतो, त्याच्याशी उगाच वाकडं घेऊ नका.

आता संदर्भ आणायचा कुठून. गावाच्या लेखात सगळ्यात जास्त भानगड असते, कारण आपल्याला सगळं माहीत असतं आणि छापलेलं काहीच नसतं. आजोबा सांगायचे, देवळातले गुरव सांगतात, ग्रुपवर फॉरवर्ड आलं होतं, हे तिथे चालत नाही, कितीही खरं असलं तरी. लोकसंख्येसाठी २०११ ची जनगणना घ्या आणि वाक्यातच '२०११ च्या जनगणनेनुसार' असं लिहा, नुसता आकडा टाकला की कोणीतरी अंदाजाने वाढवून जातो. जुन्या बाजारपेठा, देवळं, घाट यांच्यासाठी जिल्हा गॅझेटियर (सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) सोन्यासारखं आहे, पण कोणतं ते बघा. नाशिकचं ब्रिटिश काळातलं गॅझेटियर १८८३ चं आहे, त्यातलं 'इथे दर आठवड्याला बाजार भरतो' हे वाक्य आजचं म्हणून उतरवू नका, भरत होता असं लिहा आणि साल टाका. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, संदर्भ म्हणून बिनधास्त वापरा, फक्त परिच्छेदच्या परिच्छेद कॉपी-पेस्ट करू नका, तो कॉपीराइटचा भंग होतो आणि मग तुमचा अख्खा मजकूर उडतो. केतकरांचा ज्ञानकोश कॉपीराइटमुक्त आहे (केतकर १९३७ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात), पण त्यातली माहिती शंभर वर्षं जुनी, तेही लक्षात ठेवा.

आणि संदर्भ छापील असला तरी चालतो बरं का, लिंकच पाहिजे असं काही नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि पान नंबर. पान नंबर विसरू नका, निम्मी भांडणं तिथेच मिटतात, कारण मग समोरचा पुस्तक काढून बघू शकतो. पेपरची बातमी असेल तर तारीख आणि कोणत्या शहराची आवृत्ती तेही लिहा, मराठी पेपरांच्या लिंका कधी मरतील काही भरवसा नाही, म्हणून जमलं तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) साठवून ती लिंकही जोडा.

इंग्रजी लेखाचा अनुवाद करणारे एक हमखास करतात, तिथले संदर्भ न उघडताच जसेच्या तसे उचलतात. उघडून बघा. आणि विकिपीडियाच विकिपीडियाचा संदर्भ होऊ शकत नाही, इंग्रजीतला लेख असला तरी. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याच्या इंग्रजी लेखात 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं टोपणनाव गंमत म्हणून घुसडलं, ते पुढे पेपरांत छापून आलं आणि मग तेच पेपर त्या नावाला पुरावा म्हणून लेखात लागले! आपल्याकडे किल्ल्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, ब्लॉगवाल्याने लेखातून उचललेलं असतं आणि आपण लेखात ब्लॉगचा संदर्भ देतो. मजकूर शब्दाला शब्द जुळला तर दोन्हीकडच्या तारखा बघा, आधी कोणाचं होतं ते कळतं.

संदर्भ हातात आला की चर्चा पानावर जा. लेखाच्या बाजूलाच 'चर्चा' असते. तिथे नवीन विभाग करा, नेमकं वाक्य लिहा, खाली संदर्भ, आणि शेवटी चार टिल्डे (~~~~) टाका, म्हणजे सही होते. 'तुम्ही मुद्दाम करताय', 'तुमची जात कोणती' असलं काही लिहायचं नाही, लिहिलेलं इतिहासात राहतं. 'नमस्कार, आपण काढलेल्या वाक्याला अमुक पुस्तकात पान अमुकवर आधार आहे, आपली हरकत पुस्तकाला आहे की मांडणीला?' एवढं पुरतं. हा शेवटचा प्रश्न मी नेहमी विचारतो कारण पुष्कळदा हरकत 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'जागृत देवस्थान' अशा शब्दांना असते, ते काढले की विषय संपला.

दोन चांगले स्रोत वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहायचं. शिवजन्माची तारीख घ्या. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची तारीखवार घटनांची जुनी नोंद) शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आणि सरकारी जयंती त्याच दिवशी असते. दुसरी परंपरा शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७. कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहा, सरकारने कोणती तारीख धरली ते लिहा, आपला निकाल देऊ नका. कोणी १ मार्च १६३० लिहून गेला तर चिडू नका, तो बहुधा तीच तारीख ग्रेगरियन म्हणजे आजच्या कॅलेंडरमध्ये लिहितोय (१९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची), तळटीप दिली की झालं.

समोरचा उत्तरच देत नसेल तर आठवडाभर थांबा, मग 'चर्चेत संदर्भ दिला आहे' असं सारांशात लिहून ओळ परत घाला. पुन्हा काढली तर स्वतः उलटवत, म्हणजे त्याचा बदल रद्द करत, बसू नका, इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदी येऊ शकते. चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेचं पान) मांडा, प्रचालकांपैकी (जादा अधिकार असलेले सदस्य) कोणालातरी बघायला सांगा, तोपर्यंत ओळ धूळपाटीवर, म्हणजे तुमच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, ठेवून द्या.