अल्पमताच्या आधारावर निवाडा कसा द्यायचा

यहुदी धर्मनियमांत, म्हणजे हलाखात, मतभेद झाला की बहुमताप्रमाणे चालायचे. आधार तोरातले, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतले, निर्गम 23:2. मग मागे पडलेली मते मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाने, जपून का ठेवली? मिश्नातलेच एदुयोत 1:5 उत्तर देते: पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते एकट्याचे मत पटले, तर तिला त्यावर विसंबता यावे. ही मुभा मोलाची आहे, म्हणूनच ती जपून वापरायची.

आधी नीट विचारून घ्या. गोष्ट होऊन गेली आहे की अजून करायची आहे? होऊन गेलेल्याला मिळणारी सवलत आधी विचारणाऱ्याला मिळेलच असे नाही. दुसऱ्या रब्बीने, म्हणजे धर्मपंडिताने, आधी मनाई केली आहे का, हेही तेव्हाच विचारा. एकाने मनाई केलेले दुसऱ्याने मोकळे करू नये, असे तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, सांगतो.

मग पाहा, मनाई तोराची की रब्बींनी घातलेली. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस सांगतात: दोन्ही पंडित तोलामोलाचे असतील तर तोराच्या बाबतीत कडक मत घ्या, रब्बींच्या मनाईत सौम्य. थोरापुढे लहानाचे मत अडचणीच्या वेळीही घेऊ नका. सोबत मोठे नुकसान होत असेल तरच घ्या. तोराच्या मनाईत एकट्याच्या मतावर विसंबायला अनेक निवाडाकार तयारच नसतात.

‘मोठे नुकसान’ माणूस बघून ठरते. खायला चालेल की नाही अशी शंका आलेली एक कोंबडी गरिबाला मोठी. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, तोंडावर आलेला असताना, ती श्रीमंतालाही अडचणीत टाकते.

नमुना म्हणून तालमूदातले बेराखोत 9अ वाचा. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांच्या मुलाच्या लग्नात दोन पंडितांना दारू चढली आणि रात्रीचा शेमा, म्हणजे ‘देव एकच आहे’ ही रोजची घोषणा, राहून गेला. (कोकणातल्या बेने इस्राएलांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपला तो हाच शेमा.) पहाट उजाडली होती. यहोशुआंनी निवाडा दिला: अडचणीच्या वेळी रब्बी शिमोनवर विसंबता येते; पहाट झाल्यावरही सूर्योदयापर्यंत रात्रीचा शेमा म्हणता येतो, असे शिमोनचे मत होते. पुढे शुल्हान आरूख या धर्मनियमसंहितेने त्याला मर्यादा घातली: नाइलाजाने राहिला असेल तरच, तोही सूर्योदयापूर्वी, आणि त्या वेळी ‘हश्किवेनू’, म्हणजे झोपतानाची प्रार्थना, म्हणायची नाही. एवढी बारीक मर्यादा आखता येत नसेल तर तुमचा निवाडा अजून कच्चा आहे.

एकाच प्रकरणात एकमेकांना छेद देणाऱ्या दोन सवलती जोडू नका. एका पंडिताची एक सवलत आणि दुसऱ्याची तिला खोडणारी सवलत एकत्र घेतली, तर तो निवाडा दोघांनाही मान्य होणार नाही. मात्र निवाडा दुसऱ्या भक्कम कारणावर उभा असेल, तर अल्पमत जोडीचा आधार म्हणून खुशाल घ्या. बहुतेक वेळा त्याचा उपयोग असाच होतो.

निवाडा देताना अडचण काय होती ते त्यात लिहा, आणि हा निवाडा तेवढ्यापुरताच आहे, पुढच्या वेळी पुन्हा विचारा, हेही विचारणाऱ्याला सांगा.